प्रतिस्पर्धी हेडसेटमधून येईल का?

बुद्धिबळपटू विदित गुजराथी नाशिकचा. २०१३ साली तो ग्रँडमास्टर झाला, २०२३ मध्ये त्याने ग्रँड स्विस स्पर्धा जिंकली, पुढच्या वर्षी टोरँटोला कँडिडेट्स खेळला आणि त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होता. याच शहरातून सायली वाणी आणि तनिषा कोटेचा या टेबल टेनिसपटू पुढे आल्या, राष्ट्रीय पातळीवर चमकल्या, आंतरराष्ट्रीय युवा स्पर्धांत उतरल्या. गुणवत्तेत आणि कष्टांत इथे डावं-उजवं करायचं कारण नाही. पण या दोन खेळांच्या सरावात एक मूलभूत फरक आहे. बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलाला गंगापूर रोडवरच्या घरात बसून रात्री नॉर्वेतल्या किंवा अर्जेंटिनातल्या खेळाडूशी डाव मांडता येतो, आणि त्या डावातून होणारं शिक्षण समोरासमोर खेळलेल्या डावापेक्षा फारसं कमी नसतं. टेबल टेनिस किंवा बॅडमिंटन खेळणाऱ्या मुलीला ही सोय नाही. क्लबातल्या आठ-दहा जणांचा खेळ तिला काही काळातच पाठ होतो. कोण कुठली सर्व्हिस टाकतो, दडपणाखाली कोण बॅकहँडकडे वळतो, कोणाचा ड्रॉप नेटपासून किती लांब पडतो, सगळं ठाऊक झालेलं असतं. नव्या हाताशी खेळायचं तर मुंबई-पुणे गाठायचं, आणखी वर चढायचं तर हैदराबाद किंवा बंगळुरूला मुक्काम हलवायचा. जिल्ह्याच्या गावातल्या खेळाडूला कोर्टाची चणचण असतेच, पण प्रतिस्पर्ध्यांची चणचण त्याहून खोल असते, कारण ती इमारत बांधून भरून निघत नाही. आभासी वास्तव, म्हणजे ज्याला आपण सर्रास व्हीआर म्हणतो, ते रॅकेटचे खेळ शिकवायला वापरावं का, हा प्रश्न मला या चणचणीच्या बाजूने बघावासा वाटतो. तसा तो पाहिला की उत्तर बरंच स्पष्ट होतं: व्हीआर हाताला फार थोडं शिकवतं, डोळ्याला पुष्कळ शिकवू शकतं, आणि आज बाजारात असलेल्या खेळांपैकी बरेच नेमकं तेच शिकवायचं सोडून देतात.

यंत्र काय आहे ते थोडक्यात सांगायला हवं. डोळ्यांवर बांधायच्या हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळं चित्र दिसतं, त्यामुळे समोरच्या दृश्याला खोली येते. हेडसेटवरचे कॅमेरे आपलं डोकं कुठे वळलं, आपण किती सरकलो हे सतत मोजतात आणि त्याप्रमाणे दृश्य बदलतं. हातात धरलेल्या कंट्रोलरच्या जागी आपल्याला बॅट दिसते. संगणकाची वायर लागत नाही, वजन सुमारे अर्धा किलो. टेबल टेनिससाठी ‘इलेव्हन टेबल टेनिस’ हा यातला नावाजलेला खेळ. चेंडूचा वेग, फिरकी आणि टेबलावरची उसळी यांचं गणित त्यात इतकं नीट बसवलेलं आहे की प्रत्यक्ष खेळणारे लोकही तो गांभीर्याने खेळतात. टेबल टेनिसच्या मुठीसारखी पकड यावी म्हणून कंट्रोलरला जोडायचे दांडेही मिळतात.

मुलांचा खेळ म्हणून हे झटकून टाकता येत नाही, कारण यामागे पुरावा आहे, आणि तो पाव शतकाहून जुना आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये तोदोरोव्ह, शादमेहर आणि बिझी या संशोधकांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आजच्यासारखे हेडसेट तेव्हा नव्हते. शिकणाऱ्याच्या हातात खरी बॅट होती, तिची हालचाल टिपून समोरच्या पडद्यावर दाखवली जात होती, आणि त्याच पडद्यावर निष्णात खेळाडूच्या बॅटचा मार्गही दिसत होता. टेबल टेनिसचा एक अवघड फटका शिकायचा होता. या पद्धतीने शिकलेल्यांनी खऱ्या टेबलावर, तेवढाच वेळ नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्यांपेक्षा, चांगली कामगिरी केली. दुसरा महत्त्वाचा अभ्यास २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातून ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आला. ५७ जणांचे दोन गट केले. एका गटाने व्हीआरमध्ये संगणकाच्या प्रतिस्पर्ध्याशी टेबल टेनिसचा सराव केला, दुसऱ्याने काहीच केलं नाही. मग दोघांनाही खऱ्या टेबलापाशी उभं करून चाचणी घेतली. व्हीआर गटाचा खेळ दोन्ही अंगांनी सुधारला होता: न चुकता चेंडू परतवण्याचं प्रमाणही वाढलं होतं आणि फटक्याचा दर्जाही.

मात्र हे निष्कर्ष जेवढे आहेत तेवढेच घ्यायला हवेत. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासाने व्हीआरची तुलना रिकामं बसण्याशी केली, खऱ्या टेबलावरच्या सरावाशी नाही. त्यामुळे ‘व्हीआर टेबलाइतकंच चांगलं’ असं त्यातून निघत नाही. ‘टेबल मिळत नसेल तर व्हीआर वाया जात नाही’ एवढंच निघतं. शिवाय त्यात भाग घेतलेले लोक कसलेले खेळाडू नव्हते, आणि नवख्याला कुठल्याही सरावाने चटकन फायदा दिसतो. एमआयटीच्या प्रयोगाचं मर्म वेगळ्या ठिकाणी आहे. तिथे यश आलं ते आभासी जगामुळे नव्हे, तर शिकणाऱ्याला त्या जगात एक जास्तीची गोष्ट दिसत होती म्हणून: उत्तम फटक्याचा मार्ग, आपल्या फटक्याच्या शेजारीच, त्याच क्षणी. खऱ्या टेबलावर कोणताही प्रशिक्षक ते दाखवू शकत नाही. तो हात धरून दाखवेल, करून दाखवेल, नंतर चूक सांगेल, पण हात फिरत असतानाच त्याच्या बाजूने बरोबर मार्ग हवेत काढून दाखवणं माणसाच्या शक्तीबाहेरचं आहे. व्हीआरची किंमत करताना हीच कसोटी लावावी असं मला वाटतं. जे टेबलावर होतं तेच हेडसेटमध्ये कमी दर्जाने करण्यात अर्थ नाही. टेबलावर होऊच शकत नाही असं काय तिथे होतं, ते पाहावं.

आता रॅकेटच्या खेळातला कठीण भाग कोणता, याचा हिशेब मांडू. टेबल टेनिसचं टेबल २.७४ मीटर लांब असतं. दोन्ही खेळाडू थोडे मागे उभे असतात, म्हणून चेंडूला एका बॅटपासून दुसरीपर्यंत सुमारे चार मीटर जायचं असतं असं धरा. ताशी ७२ किलोमीटरने मारलेला चेंडू सेकंदाला २० मीटर जातो. हवेचा अडथळा आणि उसळी सोडून दिली तर चार मीटरला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. डोळ्याने पाहिलेल्या साध्या खुणेला प्रतिसाद द्यायलाच माणसाला साधारण तेवढा वेळ लागतो, आणि त्यानंतर हात हलवायचा असतो. म्हणजे चेंडू निघाल्यावर ठरवू असं म्हणणाऱ्याची वेळ निघून गेलेली असते. चांगला खेळाडू चेंडू निघण्यापूर्वीच समोरच्याला वाचतो. त्याचे डोळे तीक्ष्ण असतात म्हणून नव्हे. कुठे पाहायचं हे त्याला ठाऊक असतं म्हणून. ब्रूस अॅबरनेथी या ऑस्ट्रेलियन संशोधकाने १९८७ साली बॅडमिंटनवर केलेला अभ्यास या विषयातला पाया मानला जातो. त्याने खेळाडूंना प्रतिस्पर्ध्याच्या फटक्यांची चित्रफीत दाखवली, शटलला रॅकेट लागण्याच्या आगेमागे ती तोडली, काही वेळा प्रतिस्पर्ध्याच्या शरीराचा एखादा भाग झाकला, आणि शटल कुठे पडेल ते विचारलं. नवख्यांना कळायचं ते फक्त रॅकेट पाहून. कसलेले खेळाडू रॅकेटबरोबर ती धरणाऱ्या हाताची हालचालही वाचत होते, आणि हात रॅकेटच्या आधी हलतो. सगळा फरक त्या थोड्याशा आधीपणात होता.

हे ध्यानात घेऊन व्हीआरमधल्या टेबल टेनिसकडे पाहिलं की एक गंभीर उणीव दिसते. अशा बऱ्याच खेळांत प्रतिस्पर्धी म्हणून आपल्याला हवेत तरंगणारं एक डोकं आणि एक बॅट दिसते. खांदा नाही, कोपर नाही, कंबरेचा पीळ नाही, पायांची ठेवण नाही. याचं तांत्रिक कारण सरळ आहे: यंत्राला हेडसेट आणि कंट्रोलर यांचीच जागा नक्की कळते, मधलं शरीर त्याला अंदाजानेच उभं करावं लागतं. पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने परिणाम असा होतो की नवखा माणूस जे आणि जेवढं पाहतो तेवढंच त्याच्यासमोर ठेवलं जातं. त्याला तिथे कितीही तास खेळवा, बॅटच्या आधी हात वाचायची सवय त्याला लागणार नाही, कारण वाचायला हातच नाही. घराघरांत करमणुकीसाठी जे विकलं जातं ते शिकवण्यासाठी तसंच्या तसं उचलण्याला माझा विरोध आहे तो याच कारणासाठी. आणि हीच उणीव दूर केली तर व्हीआरइतकं दुसरं साधन या बाबतीत नाही, हेही तितकंच खरं.

कसं ते पाहा. एका कसलेल्या खेळाडूच्या सर्व्हिसचं पूर्ण शरीरासकट चित्रण केलं, समोर उभ्या राहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून, खऱ्या आकारात, तर ती सर्व्हिस शिकणाऱ्या मुलीसमोर पन्नास वेळा तशीच्या तशी टाकता येते. खरा खेळाडू दमतो, कंटाळतो, त्याच्या पन्नास सर्व्हिस एकसारख्या येत नाहीत. ती सर्व्हिस हळू करता येते. बॅट चेंडूला लागली की पुढचा चेंडू अदृश्य करता येतो आणि मुलीला सांगता येतं: तो जिथे येईल असं वाटतं तिथे बॅट ने. मग चेंडू पुन्हा दाखवायचा, किती चुकलं ते दिसतं. त्यानंतर चित्र आणखी आधी तोडायचं. खऱ्या टेबलावर चेंडू नाहीसा करता येत नाही. अॅबरनेथीने प्रयोगशाळेत जे केलं ते रोजच्या सरावात आणायला हेच साधन हवं. मोबाइलवर व्हिडिओ दाखवून हे होत नाही का? थोडंफार होतं, आणि प्रशिक्षक ते करतातही. पण व्हिडिओ बहुतेक वेळा कोर्टाबाहेरून, वरून घेतलेला असतो. त्यात चेंडू आपल्या अंगावर येत नाही, त्याच्या खोलीचा अंदाज येत नाही, आणि पाहणारा खुर्चीत बसून तोंडी उत्तर देतो. पाहणं आणि हलणं एकत्र शिकावं लागतं. जिल्ह्याच्या खेळाडूला नवे हात भेटत नाहीत, ही जी अडचण सुरुवातीला मांडली, तिच्यावरचा हा नेमका इलाज आहे. डावखुऱ्याची सर्व्हिस, लांब पिंपल्सच्या रबराने खेळणारा, टेबलापासून लांब उभा राहून चॉप करणारा, हे खेळाडू प्रत्येक क्लबात असतीलच असं नाही. राज्य स्पर्धेत पहिल्यांदा असा हात समोर आला की चांगली तयारी केलेली मुलगीही पहिला गेम केवळ ओळख करून घेण्यात घालवते. ती ओळख आधी करून देता येईल.

जुन्या प्रशिक्षकांचा पहिला आक्षेप असतो तो हाताबद्दल, आणि तो शंभर टक्के रास्त आहे. टेबल टेनिसचा चेंडू २.७ ग्रॅमचा, पण तो रबरात रुततो, रबर त्याला धरून फेकतं, आणि टॉपस्पिन नीट बसला की नाही हे खेळाडूला कानाच्या आणि तळहाताच्या साक्षीने कळतं. कंट्रोलर फक्त थरथरतो. बॅटचं वजन, तोल, रबराची पकड यांतलं काहीही त्या थरथरीत नाही. हेडसेटचं चित्रही कितीही सफाईदार असलं तरी तुकड्यांचं बनलेलं असतं: सेकंदाला ९० चित्रं धरली तर २० मीटर वेगाचा चेंडू दोन चित्रांच्या मधे २२ सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो. डोळा ते सांधून घेतो, पण बॅट-चेंडूच्या स्पर्शाच्या नेमक्या क्षणाचं शिक्षण अशा चित्रावर सोपवू नये. आणखी एक गोष्ट. हेडसेटमधल्या पडद्याचं भिंग डोळ्याला एका ठरावीक अंतरावर केंद्रित ठेवतं, तर दोन्ही डोळे मात्र जवळ येणाऱ्या चेंडूकडे वळत असतात. खऱ्या जगात या दोन क्रिया हातात हात घालून चालतात, इथे त्यांची फारकत होते. जवळच्या वस्तूच्या अंतराचा अंदाज त्यामुळे बिघडू शकतो, आणि चेंडू मारायची वेळ येते ती नेमकी जवळ.

म्हणून फटका घडवण्याचं काम टेबलाकडे आणि प्रशिक्षकाकडेच राहिलं पाहिजे. पण या आक्षेपातून काही जण जो पुढचा निष्कर्ष काढतात, की चेंडूशिवाय केलेला सराव म्हणजे सरावच नव्हे, तो आपल्याच परंपरेला धरून नाही. बॅडमिंटनच्या प्रत्येक हॉलमध्ये पहाटे मुलं शॅडो करताना दिसतात. शटल नाही, समोर कोणी नाही, प्रशिक्षक बोटाने कोपरा दाखवतो आणि मूल त्या कोपऱ्यात पाय टाकून, रॅकेट फिरवून, मध्यावर परत येतं. यात शटलचा स्पर्श नसतो म्हणून कोणी त्याला खोटं म्हणत नाही, कारण तिथे शिकवायचे असतात पाय. त्याच न्यायाने, जिथे डोळा आणि निर्णय शिकवायचा आहे तिथे तळहाताला काही जाणवलं नाही म्हणून बिघडत नाही. सरावाचा कोणता भाग कुठे करायचा याची वाटणी स्पष्ट असली म्हणजे झालं. शॅडोनंतर शटल घेऊन तोच पाय टाकला जातो, तसंच हेडसेटनंतर त्याच दिवशी मल्टीबॉलवर, म्हणजे प्रशिक्षकाने एकामागोमाग टाकलेल्या चेंडूंच्या सरावात, तोच प्रकार खऱ्या चेंडूने व्हायला हवा.

बॅडमिंटनच्या बाबतीत मी अधिक सावध आहे. ज्या खेळाचे नियम १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीत आकाराला आले आणि ज्यात १९५६ साली आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर, त्या खेळाबद्दल मराठी माणसाला आस्था असणं स्वाभाविक आहे, पण हेडसेटशी त्याचं टेबल टेनिसइतकं जमत नाही. टेबल टेनिसचा खेळाडू तीन-चार पावलांत खेळतो. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४ मीटर लांब आणि ६.१ मीटर रुंद, खेळाडूला त्याच्या अर्ध्या भागात धावायचं, उडी मारायची, मागे वाकायचं. डोळे झाकून तेवढं धावण्याइतकी मोकळी जागा असेल तर तिथे खरं नेट लावावं हे उत्तम. डोक्यावरून येणाऱ्या शटलकडे पाहताना मान वर जाते आणि अर्धा किलोचा हेडसेट मागे ओढतो. शिवाय माणसाला दोन्ही बाजूंना मिळून १८० अंशांच्याही पलीकडचं अंधुक दिसत असतं, तर चांगल्या हेडसेटमध्ये आडवं दृश्य ११० अंशांच्या आसपास थांबतं. दुहेरीत जोडीदार कुठे आहे हे आपल्याला याच अंधुक नजरेने कळत असतं. म्हणून बॅडमिंटनमध्ये व्हीआर ठेवावं ते एका जागी उभं राहून करायच्या कामापुरतं: सर्व्हिस घेणं, नेटजवळचा चकवा ओळखणं, स्मॅशची दिशा वाचणं. सात्विकसाईराज रंकीरेड्डीने २०२३ मध्ये ताशी ५६५ किलोमीटरचा स्मॅश मारून विक्रम केला. शटल हवेत झपाट्याने मंदावतं हे खरं, तरी अशा फटक्यापुढे उभं राहण्याची सवय करून द्यायला आपल्या जिल्ह्यात कोण सापडणार?

याच अनुषंगाने नाशिकपुरती एक बाब नोंदवण्यासारखी आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, म्हणून इथली हवा मुंबईच्या मानाने सहा-सात टक्के विरळ असते. पाच ग्रॅमच्या शटलला हा फरक जाणवतो. तोच फटका इथे थोडा लांब जातो, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणांसाठी वेगवेगळ्या वेगाची शटल निवडावी लागतात. आभासी कोर्टात हवेची घनता हा एक आकडा असतो, तो बदलून मुंबईच्या हॉलमधलं शटल कुठे पडेल ते इथेच पाहता येईल. हातातला जोर त्याने बदलणार नाही, पण शटल कुठवर येणार याचा डोळ्यातला हिशेब आधीच सुधारून घेता येईल.

हेडसेटचे हे सगळे तोटे टाळणारी आणखी एक वाट आहे, आणि तिच्यावर नाशिकच्याच माणसाचं महत्त्वाचं काम आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. एमआयटी मीडिया लॅबमधले शास्त्रज्ञ रमेश रासकर मूळचे नाशिकचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. कॅमेरा आणि प्रकाशावरच्या संशोधनासाठी जगभर ओळखले जाणारे रासकर सुरुवातीला प्रोजेक्टरवर काम करत होते. माणसाच्या डोळ्यांवर काही न बांधता, प्रोजेक्टरच्या साह्याने खऱ्या वस्तूच्या पृष्ठभागावरच आभासी चित्र कसं बसवायचं, हा त्यांचा विषय, आणि ऑलिव्हर बिंबर यांच्याबरोबर लिहिलेलं त्यांचं या विषयावरचं पुस्तक २००५ साली आलं. त्याच मीडिया लॅबमध्ये हिरोशी इशी यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘पिंगपाँगप्लस’ नावाचं टेबल तयार केलं होतं. चेंडू टेबलावर कुठे आपटला हे आवाजावरून ओळखायचं आणि नेमक्या त्या जागी प्रोजेक्टरने पाण्याच्या तरंगांसारखी चित्रं उमटवायची, अशी ती रचना. इशींचा हेतू शिकवण्याचा नव्हता, पण शिकवण्यासाठी ती कल्पना सोन्यासारखी आहे. खरं टेबल, खरी बॅट, खरा चेंडू, समोर खरा माणूस, आणि टेबलावर प्रकाशाने आखलेलं लक्ष्य. चेंडू कुठे पडायला हवा होता आणि कुठे पडला, दोन्ही तिथल्या तिथे दिसतात. डोळ्यांचा ताण नाही, मळमळ नाही, हाताला खरा स्पर्श. यातून नवा प्रतिस्पर्धी मिळत नाही हे मान्य, पण फटक्याच्या अचूकतेसाठी मी हेडसेटपेक्षा या मार्गाला पसंती देईन. २०१५ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने रासकरांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ झालं, तेव्हा नाशिकच्या तरुणांनी गर्दी, आरोग्य, वाहतूक अशा प्रश्नांवर उपाय शोधायचा प्रयत्न केला होता. एक प्रोजेक्टर, एक कॅमेरा आणि क्लबातलं एक जुनं टेबल, एवढ्या सामानावर इथल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना असं साधन उभारता येईल. प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

दुसरा मोठा आक्षेप पैशांचा, आणि त्याच्या पोटात न्यायाचा आहे. जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतला २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक मिळालं. धावायला रस्ता पुरतो, रॅकेटच्या खेळाला हॉल लागतो. सुरगाणा, पेठ, इगतपुरीकडच्या मुलांसाठी बॅडमिंटनचा हॉल हीच लांबची गोष्ट असताना हेडसेटची चर्चा कशासाठी, असं कोणी विचारलं तर त्याला उडवून लावता येणार नाही. कोर्ट आधी, हेडसेट नंतर, हा क्रम मला पूर्ण मान्य आहे, आणि हॉलसाठीचा एक रुपयाही हेडसेटकडे वळवला जाऊ नये. पण जिथे हॉल आहे तिथला हिशेब वेगळा आहे. पिसांच्या शटलचा खर्च क्लबांना आणि पालकांना महिनोन्‌महिने सोसावा लागतो. बाहेरगावच्या सरावासाठीचा प्रवास, राहणं, शाळेचे बुडालेले दिवस हा खर्च तर कुठल्या वहीत लिहिलाच जात नाही. त्या तुलनेत क्लबाने एकदा घेतलेला आणि वीस-पंचवीस मुलांनी पाळीपाळीने वापरलेला हेडसेट महाग नाही. महाग आणि अन्यायकारक ठरतो तो घरोघरी घेतलेला हेडसेट, कारण मग ज्याच्या घरी परवडतो त्यालाच नवे हात भेटतात. हे साधन क्लबाच्या कपाटात असावं, प्रशिक्षकाच्या ताब्यात असावं, हा माझा आग्रह खर्चापेक्षा या कारणासाठी जास्त आहे.

मुलांच्या डोळ्यांची आणि सवयीची काळजी हा तिसरा मुद्दा. हेडसेट बनवणाऱ्या मेटा कंपनीची वयोमर्यादा आधी १३ वर्षं होती, २०२३ मध्ये ती पालकांच्या परवानगीने १० वर आणली गेली. कंपनीने खाली आणलेली मर्यादा आपण मानलीच पाहिजे असं नाही. तेराच्या आतल्या मुलाला प्रतिस्पर्धी वाचायला शिकवण्याची घाईही नसते, त्या वयात पाय आणि पकड घडावी. मोठ्यांसाठीही दहा-पंधरा मिनिटांचे छोटे तुकडे पुरेत. चक्कर किंवा मळमळ होते ती बहुधा डोळे सांगतात की आपण हललो आणि कानातला तोल सांगतो की नाही, तेव्हा. ज्याला तसं होतं त्याला जबरदस्ती करू नये. प्रशिक्षकाची जागा यंत्र घेईल ही भीती मात्र मला निराधार वाटते. या साधनाला काय दाखवायचं, कोणाची सर्व्हिस, कुठे तोडायची, कोणत्या मुलीला आज कशाची गरज आहे, हे ठरवणारा माणूस नसेल तर ते पुन्हा करमणुकीचं यंत्रच होऊन बसतं.

आता करायचं काय? नाशिकमध्ये टेबल टेनिस आणि बॅडमिंटन शिकवणारे क्लब आहेत, नाशिक जिमखान्यासारखी जुनी संस्था आहे, पंचवटीत मीनाताई ठाकरे विभागीय क्रीडा संकुल आहे, आणि राष्ट्रीय दर्जापर्यंत पोचलेले खेळाडू आहेत. पहिलं काम हेडसेट विकत घेण्याचं नाहीच, चित्रणाचं आहे. इथल्या आणि राज्यातल्या तयार खेळाडूंनी अर्धा-अर्धा दिवस देऊन आपल्या सर्व्हिस आणि ठरावीक फटके पूर्ण शरीरासकट, समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून चित्रित करू दिले, तर काही वर्षांत राज्यभरच्या मुलांना उपयोगी पडेल असा संग्रह उभा राहील. जिल्हा आणि राज्य संघटनांनी एकत्र येऊन तो सर्वांना मोफत द्यावा. दुसरं काम मोजण्याचं. सहा महिने एका गटाला आठवड्यातून तीनदा हा सराव द्यायचा, तशाच दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ जादा मल्टीबॉल द्यायचं, आणि अनोळखी खेळाडूच्या सर्व्हिसवर दोन्ही गटांची खऱ्या टेबलावर परीक्षा घ्यायची. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासाने जी तुलना केली नाही ती अशाने होईल. निकाल विरुद्ध गेला तर हेडसेट बाजूला ठेवून मल्टीबॉल वाढवावं, त्यात कमीपणा नाही.

आणि पालकांना एक विनंती. मुलाच्या वाढदिवसाला हेडसेट आणायचा विचार मनात असेल तर आधी त्याच्या प्रशिक्षकाशी बोला. दुकानात किंवा ओळखीच्यांकडे तो डोळ्यांवर लावून स्वतः पाहा की समोरच्या प्रतिस्पर्ध्याचा खांदा, कोपर आणि मनगट दिसतं का. दिसत नसेल तर ती रक्कम मुलाच्या बाहेरगावच्या पुढच्या स्पर्धेच्या प्रवासासाठी राखून ठेवा.